विषय: पगार एकाचा, कॉलेज दुसऱ्याचं

मंडळी, नमस्कार.

या मेल-यादीवर एरवी नुसती वाचत असते, आज पहिल्यांदाच लिहितेय. नऊ वर्षं नोकरी केली आणि गेल्या सत्रापासून ती सोडून दोन वर्षांच्या मास्टर्सला बसलेय. निर्णय दोघांचा. हिशेबही आधी मांडला होता: फी, पुस्तकं आणि माझा न येणारा पगार. (हा शेवटचा आकडा फीपेक्षा मोठा निघाला, तेव्हा दोघंही जरा गप्प बसलो होतो.) घर एका पगारात चालतंय. ओढाताण आहे, पण भागतंय.

अडचण वेगळीच आहे. माझं कार्ड नवऱ्याच्या खात्यावरचं. मी कुठे काही घेतलं की त्याचा फोन वाजतो. तो काही म्हणत नाही, खरंच नाही. पण संध्याकाळी मीच सुरू करते, "ते दुपारचं ना, प्रोजेक्टच्या ग्रुपबरोबर होते म्हणून." त्याने विचारलेलंही नसतं. मला बूट हवे होते, तर तीन आठवडे फाटके घालून हिंडले आणि मग एक दिवस कडाडून भांडले, तेही भांडी कोणी घासायची यावरून.

दुसरा प्रश्न सरळ आहे. पुढच्या वर्षाची फी बचतीतून भरावी की शैक्षणिक कर्ज काढावं? तुमच्यापैकी कोणी यातून गेलंय का?

– एक मूक सभासद

----------

पुन्हा: पगार एकाचा, कॉलेज दुसऱ्याचं

ताई, आधी बूट घ्या. मग पुढचं वाचा.

मी ३८व्या वर्षी शिकायला गेलो, कमवत होती बायको. दीड वर्ष केस कापायलासुद्धा चोरासारखा जायचो. एकदा पुस्तक विकत घेतलं आणि "लायब्ररीतून आणलंय" अशी थाप मारली. पावती पुस्तकातच राहिली होती. तिला पुस्तकाचं काहीच वाटलं नाही. "मी काय वसुलीला बसलेय का इथे?" म्हणाली, आणि दोन दिवस बोलली नाही.

त्यानंतर एक गोष्ट केली. दर महिन्याच्या एक तारखेला दोघांच्या आपापल्या खात्यात सारखीच रक्कम. कमावती ती, तरी तिलाही तेवढीच. रक्कम फार लहान होती, पण तिचा हिशेब कोणी विचारायचा नाही आणि कोणी आपणहून द्यायचाही नाही. घरात त्याला "न विचारायचे पैसे" म्हणायचो. ज्याने त्याने मिळकतीच्या प्रमाणात खर्च उचलावा असं लोक सांगतात. दोघं कमवत असताना ते ठीक आहे. शून्याचं प्रमाण शून्यच येतं, म्हणजे ऐन गरजेच्या वेळी ते गणित हात वर करतं.

आता कर्ज. १०० धरा, चलन तुमचं तुम्ही घाला. व्याज १० टक्के, शिक्षण दोन वर्षं, वर सहा महिन्यांची सवलत. या अडीच वर्षांत काहीच भरलं नाही तर सरळ व्याजानेही २५ साठतात. बऱ्याच कर्जांत हप्ते सुरू होताना हे व्याज मुद्दलात मिळवतात, म्हणजे तुम्ही १२५ पासून सुरुवात करता आणि पुढच्या वर्षाचं व्याज १० ऐवजी साडेबारा. शिकत असताना नुसतं व्याज भरत राहिलात तर मुद्दल १०० वरच थांबतं. करारात "व्याज मुद्दलात कधी मिळवणार" ही ओळ शोधा. दरमहा, वर्षाने की शेवटी, यावर बराच फरक पडतो.

बचत ४ टक्क्यांवर पडून असेल आणि कर्ज १० ने मिळत असेल, तर कागदावर बचतच वापरावी. पण तळ गाठू नका. दोन सारखे पगार असताना एक गेला तर निम्मं येणं उरतं, तुमच्याकडे आत्ता एक गेला की सगळंच गेलं. दोन पगारांवर तीन महिन्यांचा खर्च बाजूला असला तरी चालून जातं, एकावर मी सहा धरीन. त्या सहाला हात न लावता जे उरेल ते फीला आणि कमी पडेल तेवढंच कर्ज.

विमा कमावत्याचा बघा. नवरा आजारी पडला तर काय, हेही त्यात आलं.

शेवटचं. दोन वर्षांचा कोर्स दोन वर्षांत घर सोडत नाही. मला पदवीनंतर नोकरी मिळायला पाच महिने लागले, आणि आमच्या वहीत त्या पाच महिन्यांची ओळच नव्हती.

– यादीवरचा एक काका

----------

पुन्हा: पुन्हा: पगार एकाचा, कॉलेज दुसऱ्याचं

कृपया मला या यादीतून काढा. तिसऱ्यांदा सांगतोय.

----------

पुन्हा: पुन्हा: पगार एकाचा, कॉलेज दुसऱ्याचं

(वरील सभासदांस: काढायचा दुवा प्रत्येक मेलच्या तळाशी असतो. – यादी सांभाळणारी)

ताई, मी स्वतः समाजशास्त्रात पीएचडी करतेय, म्हणून राहवलं नाही. जॅन पाल या ब्रिटिश अभ्यासक बाईंनी १९८०च्या दशकात शंभराच्या आसपास जोडप्यांना घरच्या पैशांबद्दल विचारलं. नवरा-बायकोला एकत्र बसवून आणि वेगवेगळं गाठूनही. त्यांनी चार पद्धती मांडल्या: सगळा पगार एकाच्या हाती, घरखर्चाला ठरावीक रक्कम, सगळं एकत्र आणि ज्याचं त्याच्याकडे. मला त्यातला उपयोगी पडलेला भाग पुढचा आहे. पैसा सांभाळणं आणि पैशावर सत्ता असणं, या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या काढल्या.

शिकणाऱ्याचं काय होतं बघा. तो घरी जास्त दिसतो, म्हणून बिलं भरणं, स्वस्त काय ते शोधणं, विम्याचे कागद भरणं हे सगळं आपसूक त्याच्याकडे येतं. काम वाढतं, शब्दाला वजन मात्र येत नाही. आमच्याकडे अगदी हेच झालं. सगळे पासवर्ड मला पाठ, आणि घर बदलायचं ठरलं ते मात्र नवऱ्याच्या पगाराचा आकडा बघून. आता महिन्यातून एकदा, अर्धा तास, दोघं मिळून वही उघडतो. भांडण झालं तर त्या अर्ध्या तासातच करायचं असं ठरलंय. नेहमी जमत नाही.

स्टायपेंड असलेल्यांनी एक तपासावं: तो १२ महिने मिळतो की ९-१०? आमची पहिली उन्हाळी सुट्टी क्रेडिट कार्डावर गेली.

आणि निदान एक खातं, एक बिल स्वतःच्या नावावर ठेवा. सगळं नवऱ्याच्या नावावर राहिलं तर पुढे तुमचं नाव बँकेला कोरं दिसतं.

----------

पुन्हा: पुन्हा: पुन्हा: पगार एकाचा, कॉलेज दुसऱ्याचं

काका, बूट घेतले.

तुमचा मेल नवऱ्याला वाचून दाखवला. "वसुलीला" या शब्दाला तो एकदम म्हणाला, "मला रोज तसंच वाटतं." त्याला माझ्या खुलाशांचा कंटाळा आला होता म्हणे, पण थांब म्हटलं तर मला वाईट वाटेल म्हणून ऐकून घेत होता. मी सांगत होते त्याला बरं वाटावं म्हणून. अशी आमची चार महिने जुगलबंदी.

एक तारखेपासून न विचारायचे पैसे सुरू केलेत. रक्कम ठरवताना तो "तू जास्त घे" म्हणाला, मी नको म्हटलं, सारखीच ठेवली. फी सहा महिन्यांनी येते, तर तिचा सहावा भाग दरमहा वेगळ्या खात्यात आपोआप जातो. तरी कमी पडेल तेवढं कर्ज. अर्ज माझ्या नावाने केला, तेव्हा कळलं की सहकर्जदार म्हणून त्याचीही सही लागते, म्हणजे मी हप्ते भरले नाहीत तर बँक त्याच्या दारात. त्यावर अजून बोलणं चाललंय. वीज आणि इंटरनेटचं बिल माझ्या नावावर करून घेतलं.

फोनवरचे खर्चाचे निरोप त्याने बंद केले. दुसऱ्याच दिवशी विचारतो, "आज बाहेर गेली नाहीस का?"