बाबांच्या अन्ननलिकेच्या कॅन्सरचा जीन रिपोर्ट आलाय, सबटाइप कसा समजायचा?

निळाई:
बाबांना अन्ननलिकेचा कॅन्सर आहे, बायोप्सीत स्क्वॅमस सेल कार्सिनोमा (अस्तराच्या चपट्या पेशींचा कॅन्सर) आलंय आणि लिव्हरमध्ये पसरलंय. ट्यूमरची एनजीएस टेस्ट (गाठीतले जीन वाचणारी) केली होती त्यात टीपी५३ आणि नॉच१ या जीनमध्ये म्युटेशन म्हणजे बदल, आणि सीसीएनडी१ जीनचं ॲम्प्लिफिकेशन म्हणजे जास्तीच्या कॉप्या लिहिल्यात, हर२ हा मार्कर निगेटिव्ह. डॉक्टर सोमवारी भेटणार, तोवर नेटवर वाचतेय आणि डोकं पार भणभणलंय. कुठे तीन सबटाइप सांगतात, कुठे हर२ वर औषध आहे म्हणतात. मग बाबांसाठी काहीच नाही का? आणि हा टीपी५३ आम्हा भावंडांतही असेल का?

गवतफूल:
ताई, हर२ निगेटिव्ह आलं म्हणून खचू नका. मी पॅथॉलॉजीत काम करते. हर२ चा प्रश्न मुख्यतः ॲडिनोकार्सिनोमात येतो, म्हणजे ग्रंथींच्या पेशींचा कॅन्सर, अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला, जठराच्या तोंडाशी होतो तो. स्क्वॅमसचं गणितच वेगळं. टीसीजीए या कॅन्सरच्या जीनवरच्या अमेरिकन संशोधन प्रकल्पाने २०१७ मध्ये अन्ननलिकेचे १६४ ट्यूमर तपासले तेव्हा दिसलं की स्क्वॅमस हा घशातोंडाच्या कॅन्सरच्या जवळचा आणि ॲडिनो हा जठराच्या क्रोमोसोम अस्थिर असलेल्या प्रकाराच्या जवळचा, अवयव एक पण आजार दोन. स्क्वॅमसमध्ये सीसीएनडी१, एसओएक्स२, टीपी६३ च्या जास्तीच्या कॉप्या सापडतात, ॲडिनोत ईआरबीबी२ (हाच हर२), व्हीईजीएफए, गाटा४, गाटा६ च्या. तुम्ही वाचलेले तीन सबटाइप त्याच अभ्यासातले. पहिल्यात एनआरएफ२ मार्गातले (पेशीला ताणापासून वाचवणारे) जीन बिघडलेले, दुसऱ्यात नॉच१ आणि झेडएनएफ७५० या जीनचे बदल जास्त, आणि तिसऱ्यात तर ९० स्क्वॅमसपैकी फक्त ४ ट्यूमर होते, त्यामुळे त्यावर फार भरवसा ठेवू नये असं माझं मत. औषध या सबटाइपवरून ठरत नाही, तेव्हा बाबा कुठल्या गटात बसतात हे शोधत रात्र जागू नका.

उंबरठा:
नॉच१ बद्दल एक सांगतो कारण मलाही ते वाचून आश्चर्य वाटलं होतं. २०१८ च्या एका अभ्यासात कॅन्सर नसलेल्या लोकांची अन्ननलिका तपासली तर वय वाढलं की निरोगी अस्तराचाही मोठा भाग नॉच१ म्युटेशनवाल्या पेशींनी व्यापलेला होता, मध्यमवयीन माणसांत ३० ते ८० टक्के भाग, आणि गंमत म्हणजे कॅन्सरमध्ये हे म्युटेशन त्याहून कमी सापडतं. म्हणजे रिपोर्टमध्ये जीनचं नाव छापून आलं की तोच आजाराचं कारण, असं नसतं. टीपी५३ मात्र या कॅन्सरमध्ये जवळपास नेहमीच बिघडलेला असतो, पण तो गाठीत आयुष्यभरात झालेला बदल असतो, सहसा जन्मतः आलेला नाही, त्यामुळे भावंडांनी घाबरायचं कारण नाही. घरात अगदी तरुण वयात वेगवेगळे कॅन्सर झाले असतील तर जेनेटिक काउन्सेलरला दाखवा, ती तपासणी रक्ताची वेगळी असते. वंशपरंपरेने येणारा एक दुर्मिळ प्रकार आहे, आरएचबीडीएफ२ जीनचा, त्यात तळहात आणि तळपायाची कातडी जाड होते, तसं घरात कुणाला आहे का तेवढं बघा.

गवतफूल:
मूळ मुद्दा राहिलाच. स्क्वॅमसमध्ये सध्या खरा उपयोगाचा मार्कर पीडी-एल१ (पेशींवरचं एक प्रथिन, ज्यामुळे गाठ प्रतिकारशक्तीपासून लपते), आणि बरोबर एमएसआय (डीएनए दुरुस्तीतल्या बिघाडाची खूण), तो क्वचित पॉझिटिव्ह येतो पण बघायचा. पीडी-एल१ चा स्कोअर दोन पद्धतीने देतात, सीपीएस आणि टीपीएस, टीपीएसमध्ये फक्त कॅन्सरच्या पेशी मोजतात आणि सीपीएसमध्ये बाजूच्या लिम्फोसाइट आणि मॅक्रोफेज या प्रतिकारशक्तीच्या पेशीही धरतात, म्हणून नुसता आकडा नको, कुठला स्कोअर आहे तेही विचारा. पसरलेल्या स्क्वॅमसमध्ये केमोबरोबर पेम्ब्रोलिझुमॅब किंवा निव्होलुमॅब ही प्रतिकारशक्तीला मोकळं करणारी औषधं (इम्युनोथेरपी) देतात, स्कोअर जास्त असला की फायदा जास्त. म्हणजे काहीच नाही असं अजिबात नाही ताई. सीसीएनडी१ साठी मात्र या कॅन्सरमध्ये ठरलेलं औषध अजून नाही.

निळाई:
खूप आभार दोघांचे, किती हलकं वाटलं. रिपोर्ट परत उघडला, शेवटच्या पानावर एमएसआय स्टेबल (म्हणजे निगेटिव्ह) लिहिलंय, पण पीडी-एल१ कुठेच नाही. ते वेगळं मागायचं का?

गवतफूल:
हो, ते इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीने (गाठीच्या कापावर प्रथिन रंगवून) करतात, एनजीएसमध्ये येत नाही. बायोप्सीचा पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) लॅबमध्ये असेल, त्यातूनच होतं, बाबांना परत एन्डोस्कोपी बहुतेक लागणार नाही. सोमवारची वाट न बघता आजच फोन करून ब्लॉक कुठे आहे ते विचारून ठेवा.