होमस्टेडचे १६० एकर मिळाले, पण पहिल्या वर्षी पिकवलं काय?

गवताळ: १८७० च्या आसपास बरीच नॉर्वेजियन कुटुंबं अमेरिकेतल्या पश्चिम मिनेसोटाच्या माळावर वसली. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानं वसायला येणाऱ्याला १६० एकर सरकारी जमीन मिळे, इतपत ठाऊक आहे. पण बैलांची जोडी एकच असेल तर एवढं रान कसलं कसं? आणि जिथे झाडं नाहीत तिथे घर कशाचं बांधलं?

पडीक_रान: १६० एकर पहिल्या वर्षी कुणीच कसले नाहीत. दहाएक एकर मोडले, म्हणजे पहिल्यांदा नांगरले, तरी पुष्कळ. खरी मेख वेळेत आहे. माळ मोडायचा तो मे अखेर ते जून, गवत जोमात असताना, आणि तोही पातळ, दोन-तीन इंच. नांगरानं कापलेला मुळांसकट मातीचा पट्टा पूर्ण उलटा पडला की गवत खाली कुजतं. लवकर किंवा फार उशिरा मोडलं तर तेच गवत पुन्हा फुटतं आणि मेहनत पाण्यात. पावसाळी पिकांची आपली नांगरट डोक्यात ठेवून खोल जाल तर गणित चुकेल. शरद ऋतूत तीच जमीन इंच-दोन इंच जास्त खोल घेऊन परत उलटायची, कुळवायची. गहू पुढच्या वसंतात. तोवर पोटाला? ताज्या ढेकळांत कुऱ्हाडीनं चीर पाडून मका टोचायचा, बटाटा पट्ट्याखाली दाबायचा.

मुळांचं जाळं इतकं घट्ट की मोठ्या नांगराला तीन-चार जोड्या लागत. शेजाऱ्यांचे बैल एकत्र जुंपायचे, सरळ इर्जिकच. फाळाला सतत कानस मारावी लागे.

मोजणीदार: कायद्याचं थोडं. अर्जाच्या वेळी नागरिक होण्याचा इरादा जाहीर केलेला चाले. पाच वर्षं राहून, जमीन कसून पक्का कागद घेताना मात्र नागरिकत्व आणि दोन साक्षीदार हवेत. सगळी फी मिळून साधारण १८ डॉलर. खरा खर्च बैल आणि नांगराचा. तुकडा सहसा अर्धा मैल बाय अर्धा मैल, आणि राहायचं त्याच तुकड्यावर. त्यामुळे गावठाण असं झालंच नाही, घरं विखुरलेली. लोकांना एकत्र बांधलं ते लुथरन या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या मंडळीनं. चर्चची इमारत उभी राहण्याआधी प्रार्थना कुणाच्या तरी घरात होई.

मातीकाम: घर मातीच्या पट्ट्यांचं. सखल, ओलसर जागेतलं दाट मुळांचं गवत निवडायचं. पट्टा फूटभर रुंद, चार इंच जाड, दोन-तीन फूट लांब. कापला त्याच दिवशी रचायचा, वाळला की भुगा होतो. गवताची बाजू खाली, दोन पट्टे शेजारी, सांधे एकावर एक येऊ द्यायचे नाहीत, दर तिसरा-चौथा थर आडवा. १६ बाय २० फुटांच्या घराला साधारण अर्धा एकर, म्हणजे २० गुंठ्यांचं गवत जातं.

दोन चुका घात करतात. खिडकीच्या चौकटीच्या वर फट सोडली नाही तर भिंत खचते तेव्हा काच तडकते. आणि आढं बारीक असेल तर पावसानं जड झालेलं छप्पर त्याला मोडून खाली येतं. नाही मोडलं तरी पाऊस थांबल्यावरही छत ठिबकत राहतंच.

गवताळ: आणि वणवा?

पडीक_रान: घराभोवती नांगराच्या तीन-चार सऱ्या काढायच्या, थोडं अंतर सोडून पुन्हा तीन-चार, आणि वारा पडलेला बघून मधलं गवत आपणच जाळून टाकायचं. मात्र १८७३ ते १८७७ या वर्षांत जे टोळ आले, त्यांच्यापुढे यातलं काहीच चाललं नाही. अंडी जमिनीतच घातलेली असत, त्यामुळे पुढच्या वर्षीचा गहूही उगवताच फस्त होई.