खारी डाळिंब-चिकू कुरतडतात, ठिबकची नळीही फोडतात. काय करावं?

परसबाग_जळगाव
राम राम मंडळी. घरामागे दीड गुंठ्यात दोन चिकू, दोन डाळिंबं, एक पेरू, एक सीताफळ आणि भिंतीलगत भरताच्या वांग्यांचा वाफा आहे. खारींचा उपद्रव एप्रिलपासून फार वाढलाय. चिकू झाडावरच अर्धवट खाल्लेले दिसतात, डाळिंबांना भोकं पडतात आणि 16 मिमीची लॅटरल (ठिबकची झाडांपर्यंत जाणारी नळी) आठवड्यात तीन-चार ठिकाणी फुटते. फळांवर नायलॉनची जाळी टाकली, ती दोन दिवसांत कुरतडली. डाळिंबाची वीसेक फळं अजून शाबूत आहेत. जीव न घेता हे थांबवायचं आहे.

केळीवाला_रावेर
भाऊ, सगळंच नुकसान खारीचं आहे का, हे आधी पक्कं करा. चोर वेगळा निघाला तर खर्च वाया जातो.

खार फक्त दिवसा फिरते. सकाळी ऊन चढायच्या आत आणि दुपारी चारनंतर तिचा धुमाकूळ जास्त असतो. म्हणून अंधार पडल्यावर एकदा आणि पहाटे उजाडायच्या आत एकदा बॅटरी घेऊन फळं आणि नळी बघा. नवं नुकसान पहाटे दिसलं तर ते उंदराचं किंवा वटवाघळाचं. वटवाघूळ गर चावून रस पितं आणि चोथ्याच्या चपट्या गोळ्या खाली थुंकतं, त्या झाडाखाली सापडतात. पोपट खातो थोडं आणि पाडतो जास्त. खार फळ देठालाच ठेवून एका बाजूने पोखरते, कडा ओबडधोबड राहते.

डाळिंबाचं भोक जवळून बघा. ते गोल, पेन्सिल जाईल एवढंच आणि तोंडाशी ओलसर विष्ठा असेल, तर ती फळ पोखरणारी सुरसा अळी. तिथे जाळीचा उपयोग नाही. ती फळं तोडून नष्ट करावी लागतात.

ठिबक_दुरुस्ती_भुसावळ
नळीचं मी सांगतो. फुटलेल्या जागेवर बोट फिरवा. शेजारी-शेजारी दोन बारीक खाचा लागल्या, पटाशीने ओरखडल्यासारख्या, तर तो कुरतडणाऱ्या प्राण्याचा दात. त्यांचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, त्यामुळे काहीतरी कुरतडणं त्यांना भागच असतं. त्यात खानदेशातला मे महिना, पारा 44-45 वर, आणि आत गार पाणी असलेली नळी समोर.

दुरुस्ती करताना भोकावर टेप गुंडाळू नका, दाबाने दोन दिवसांत निघते. भोकाच्या दोन्ही बाजूंनी इंचभर नळी सरळ कापा. तिरका काप दिला की जॉइनर (दोन टोकं जोडणारा तुकडा) नीट बसत नाही आणि पाझरतो. टोकं मिनिटभर गरम पाण्यात धरा, 16 मिमीचा जॉइनर बुडाशी टेकेपर्यंत दाबा. नंतरची पायरी बहुतेक जण विसरतात. एंड कॅप (नळीच्या शेवटचं झाकण) काढून पाणी नितळ येईपर्यंत नळी धुऊन घ्या. पंप बंद झाला की उतारावरची नळी आत हवा ओढते आणि फुटक्या जागेतून माती शिरते. न धुता चालू केलं की तीच माती पुढच्या ड्रीपरमध्ये (थेंब थेंब पाणी सोडणाऱ्या तोंडात) बसते आणि महिन्याभराने झाड का सुकतंय ते कळत नाही.

पुन्हा फुटू नये म्हणून झाडापासून झाडापर्यंतची साधी नळी 25 मिमीच्या पीव्हीसी पाइपातून ओवून घ्या. दीड गुंठ्यात दोन-तीन लांब्यांत काम होतं. ड्रीपर तेवढे बाहेर ठेवा. इनलाइन नळी (ड्रीपर आतच बसवलेली) मात्र जमिनीत गाडू नका, बारीक मुळं ड्रीपरच्या तोंडात शिरतात.

सोबत पाण्याचे दोन परळ बागेच्या पलीकडच्या टोकाला सावलीत ठेवा आणि सकाळ-दुपार भरा. एक दिवसाआड घासून पाणी बदला, नाहीतर डासांच्या अळ्या होतात. परळ कोरडा पडला की मोर्चा परत नळीकडे वळतो.

केळीवाला_रावेर
परळ ठेवावाच, पण एवढ्याने भागेल असं समजू नका. दाताची खाज पाण्याने जात नाही, खरा बंदोबस्त पीव्हीसीचाच.

फळबाग_चोपडा
आता फळं. नायलॉन खारीपुढे टिकत नाही, शिवाय त्यात साप आणि शिंजीर अडकून मरतात. ती आजच काढा. प्लास्टिकची पिशवीही या उन्हात नको, आत फळ उकडतं.

डाळिंब तोडल्यावर पिकत नाही, ते झाडावरच तयार व्हायला हवं. म्हणून तिथे लोखंडीच जाळी. अर्धा इंची चौकोनाची वेल्ड मेश, गॅल्व्हनाइज्ड, 3 फूट पन्ह्याची घ्या. एक इंची कोंबडी जाळी घेऊ नका, लहान खार आरपार जाते. 18 बाय 8 इंचाचा तुकडा कापून नळकांडं करा. दोन इंच एकमेकांवर येऊन साधारण 5 इंच व्यास मिळतो. वर-खाली 6 इंची चौकोन तारेने बांधा, वरच्याला देठासाठी चीर द्या. 20 फळांना सव्वादहा फूट जाळी लागते, 11 फूट आणा. वजन देठावर नको, फांदीवर टांगा. फळ जाळीला टेकलं तर खार बाहेरूनच कुरतडते, म्हणून चहूबाजूंनी पाऊण इंच मोकळं राहील असं बघा. कापलेली टोकं बाहेर वळवा, आत राहिली तर वाऱ्याने सालीत घुसतात.

चिकूला पिंजरे करत बसू नका. चिकू तोडल्यावर पिकतो. सालीवरची तपकिरी भुकटी झडायला लागली की नखाने हलकं खरवडा. खाली हिरवं दिसलं तर थांबा, पिवळसर दिसलं आणि चीक कमी आला तर तोडा. घरात चार-सहा दिवसांत पिकतो. सीताफळाचंही तसंच. डोळ्यांमधल्या खाचा रुंदावून पिवळट झाल्या की तोडायचं. झाडावर मऊ होऊ दिलं तर ते खारीचंच. पेरू हिरव्याचा फिका झाला की काढा.

खोडाला पत्रा बांधायचा सल्ला कुणीतरी देईलच. दोन फूट रुंद गुळगुळीत पत्रा जमिनीपासून चार फुटांवर बांधला तर काम करतो, पण झाड एकटं उभं असेल तरच. भिंत, तार, शेजारची फांदी सहा फुटांच्या आत असली तर खार तिथून उडी मारते. चिकू-डाळिंबाच्या फांद्या खालपासून फुटतात, तिथे पत्रा निरुपयोगीच.

परसबाग_जळगाव
फार नेमकं सांगितलंत, आभारी आहे. तिखटाचा फवारा मारावा का? आणि पिंजऱ्यात धरून तापीकाठी सोडल्या तर? गच्चीवर पाखरांना बाजरी टाकतो, तीही खारी खातात.

फळबाग_चोपडा
बाजरी टाकायचीच तर मूठभर, सकाळी, बागेपासून लांब, आणि तासाभराने उरलेली झाडून घ्या. दिवसभर दाणे पडून राहिले की खारी तिथेच मुक्काम करतात. झाडाखालची पडकी फळंही रोज उचला.

तिखटाची आग खारीला जाणवते, पक्ष्यांना नाही. 50 ग्रॅम लाल तिखट (नंदुरबारकडची मिरची असेल तर उत्तमच) 1 लिटर पाण्यात 20 मिनिटं उकळा, गार करून सुती कापडातून दोनदा गाळा, नाहीतर नोझल तुंबतं. आणखी 1 लिटर पाणी आणि चमचाभर पातळ साबण घाला. सूर्य मावळल्यावरच मारा आणि आधी एकाच फांदीवर, कारण उन्हात साबणाने पानं करपतात. चष्मा लावा, वाऱ्याला पाठ करा. चार-पाच दिवसांनी परत मारावा लागतो, पावसाने तर लगेच धुतला जातो. तोडणीला आलेल्या फळांवर नको. उघड्या राहिलेल्या नळीवर फडक्याने पुसा, तिथे जास्त उपयोगी आहे.

धरून सोडण्यात हशील नाही. रिकामी जागा शेजारच्या खारी भरून काढतात आणि मागे घरट्यात पिल्लं असली तर ती उपाशी मरतात. शिवाय हा वन्यजीव आहे, वनविभागाला विचारल्याशिवाय धरपकड करू नका. विषाची गोळी आणि चिकटपट्टी तर अजिबात नको. विष खाल्लेली खार मांजर किंवा घुबड खातं, आणि चिकटपट्टीवर चिमण्याही अडकतात.

घरटं पत्र्याच्या फटीत किंवा मीटरच्या पेटीत असेल तर लगेच बुजवू नका. कापूस, सुतळी, चिंध्यांचा गोळा दिसला की आतून किलबिल येते का ऐका. पिल्लं घरटं सोडायला साधारण दोन महिने घेतात. ती गेल्यावर तोंडाला अर्धा इंची जाळी स्क्रूने बसवा. पेटीतल्या वायरींचं वेष्टण कुरतडलेलं दिसलं तर मेन बंद करून वायरमनलाच बोलवा.

ठिबक_दुरुस्ती_भुसावळ
एक राहिलं. जॉइनर दहाच्या पुढे गेले तर तेवढा तुकडा बदलूनच टाका. प्रत्येक जॉइनरला थोडा दाब कमी होतो आणि शेवटच्या चिकूला पाणी कमी पडतं. नळी बदलल्यावर पहिल्या आणि शेवटच्या ड्रीपरखाली दहा मिनिटं भांडं ठेवून पाणी मोजा. फरक दहा टक्क्यांच्या वर असेल तर आधी फिल्टर साफ करा, मग गळती शोधा.