लावलेले केस गळाले म्हणजे ऑपरेशन फसलं?

हेअर ट्रान्सप्लांटमध्ये (डोक्यावर केस लावण्याच्या ऑपरेशनमध्ये) लावलेले केस महिन्याभरात गळाले म्हणजे पैसे पाण्यात, असं या चर्चेत कुणीतरी म्हटलंय; ते काही पटलं नाही. पहिल्या दोन महिन्यांत त्यातले बरेचसे गळतातच. मूळ आत शाबूत असतं. नवे केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून फुटतात, तेही आधी बारीक, कधी वेडेवाकडे. खरा अंदाज वर्षभराने.

सुजेबद्दल मात्र इथे कुणीच बोललं नाही. माझं आधी कपाळ सुजलं, मग ती सूज उतरत डोळ्यांवर आली. सकाळी पापण्या उघडेनात. घरचे घाबरले, मी त्यांच्याहून जास्त! भूल देताना टाळूत टोचलेलं द्रव खाली उतरतं, इतकंच. काही दिवसांत ओसरतं. डोकं उंच ठेवून झोपायला सांगतात ते याचसाठी. पण दुखणं वाढलं, पू किंवा ताप आला तर थेट डॉक्टरांना गाठा.