परदेशी वाचकांसाठी गोव्यातील बातमी लिहिताना काय सांभाळावे?

अंत्रुजकर (प्रश्न):
मी फोंड्यात राहतो आणि मराठी दैनिकांसाठी मुक्त पत्रकार म्हणून लिहितो. घरात कोकणी, लिखाण मराठीत, न्यायालयाचे कागद इंग्रजीत आणि जुने दस्तऐवज लागण्यापुरते पोर्तुगीज, अशी गोव्यातील अनेकांसारखीच माझी स्थिती आहे. खाजन शेतीचे, म्हणजे खाडीकाठच्या सखल, बांध घालून राखलेल्या भातशेतीचे, बांध फुटून खारे पाणी भातात शिरते, या विषयावर मी एका परदेशी नियतकालिकाकडे प्रस्ताव पाठवला. संपादकांना विषय आवडला. मात्र लेखाची सुरुवात समुद्रकिनारा आणि पर्यटक यांच्यापासून करावी, असे त्यांनी सुचवले. ज्या शेतात पर्यटक कधी फिरकला नाही, तिथली हकीकत त्याच्यापासून का सुरू करावी? शिवाय ज्या शेतकऱ्यांशी मी बोललो, त्यांना हा लेख वाचता येणार नाही, हेही मनाला लागून राहिले आहे. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

दिवाडीकर:
सुरुवात मानशीपासून, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारापासून करा. भरतीच्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटणारे आणि ओहोटीला शेतातले पाणी नदीत सोडणारे ते लाकडी दार नीट वर्णन केले, तर उदाहरणार्थ समुद्रसपाटीखालच्या जमिनीवर राहणाऱ्या डच वाचकाला पर्यटकाची मध्यस्थी लागणार नाही. त्यानंतर बांध का फुटतात, याकडे वळा, कारण लेखाचा खरा जीव तिथेच आहे. पूर्वी बांधांची देखभाल गावकारीकडे, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या, पोर्तुगीजांनी कोमुनिदाद म्हटलेल्या संस्थेकडे होती. 1964 च्या कूळ कायद्यानंतर ती जबाबदारी जमीन कसणाऱ्या कुळांच्या संघटनांकडे गेली आणि अनेक ठिकाणी कोणीच ती नेटाने पार पाडली नाही. मासळीसाठी मानशीचा लिलाव घेणारे काही जण खारे पाणी हवे तेव्हा आत घेतात, अशीही शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे. हे सगळे पुराव्यानिशी मांडायचे, तर 1961 ची पोर्तुगीज कोमुनिदाद संहिता, उच्च न्यायालयाचे इंग्रजी निवाडे, मराठी वृत्तपत्रांचे जुने अंक आणि बांधावर कोकणीत झालेले बोलणे एकमेकांशी ताडून पाहावे लागते. बाहेरून चार दिवसांसाठी आलेल्या वार्ताहराला हे साधत नाही. प्रस्तावात आपली हीच ताकद ठळकपणे लिहा. भाषा येतात एवढे सांगून भागत नाही, त्यांच्यामुळे कोणता कागद आणि कोणता माणूस आपल्या हाती लागला, ते सांगा.

म्हापशाची वाचक:
दिवाडीकरांचे बहुतेक म्हणणे पटते, तरी पर्यटनाला अजिबात दूर ठेवू नये. 2011 च्या सीआरझेड, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेने गोव्यातील खाजन जमिनींवर विकासकामांना मनाई केली, तरीही किनाऱ्याजवळ भराव पडतात. गोव्याच्या नगरनियोजन कायद्यात 2023 मध्ये आलेल्या, जमिनीचा वापर-विभाग बदलू देणाऱ्या 17(2) कलमावरून झालेला वाद तर आपण सर्वांनी पाहिला आहे. ज्या गावात भरावामागे खरोखरच पर्यटन असेल, तिथे त्याला त्याच्या जागी आणावे आणि संपादकांना तसे स्पष्ट कळवावे. जिथे तसा संबंध नाही, तिथे तो जोडू देऊ नये. त्यासाठी काम हातचे गेले तरी चालेल, असे माझे ठाम मत आहे.

व्यवहाराचेही थोडे. मानधन, लेख स्वीकारून न छापल्यास मिळणारी रक्कम आणि प्रवासखर्च हे सारे काम सुरू करण्यापूर्वीच ईमेलवर लेखी घ्यावे. नोंदणीकृत वृत्तपत्राच्या वार्ताहराला आणि स्तंभलेखकाला परदेशी देणगी घेण्यास 2010 च्या एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचे नियमन करणाऱ्या कायद्याने बंदी आहे, मात्र केलेल्या कामाच्या मोबदल्याला त्यातून सूट आहे. त्यामुळे प्रत्येक रकमेमागे बिल असू द्या आणि कोणी अनुदान देऊ केले, तर ते स्वीकारण्याआधी सीएचा सल्ला घ्या.

कुशावती:
शेतकरी लेख वाचू शकणार नाहीत, असे धरून चालू नका. इंग्लंडमधल्या स्विंडनला किंवा आखातात असलेला भाचा तो मोबाइलवर भाषांतर करून त्याच संध्याकाळी घरच्यांना पाठवतो, आणि मानशीचा लिलाव घेणाऱ्या ज्या मानसवाल्याविरुद्ध शेतकरी बोलला, तो त्याच वाड्यावर राहत असतो. नाव छापावे की नाही, हे विचारताना ही शक्यता कोकणीत समजावून सांगितलीच पाहिजे. केवळ "बाहेरच्या देशात छापून येणार आहे" एवढे सांगून घेतलेली संमती पुरेशी नाही. लेख पाठवण्यापूर्वी त्यांच्या तोंडची वाक्ये त्यांना वाचून दाखवा. करारात सर्व भाषांतील हक्क मागितले असतील, तर मराठी आणि कोकणीचे हक्क स्वतःकडे राखून ठेवण्याचा आग्रह धरा. संपादक बहुधा हरकत घेत नाहीत, आणि तोच मजकूर मराठी दैनिकात आला, तर पंचायतीला आणि कूळ संघटनेला त्याची दखल घ्यावी लागते.