मझल ब्रेक फिरवून बसवायचा, की आधी आपली बैठक सुधारायची?

डेन्व्हरकर
मी कोलोरॅडोत राहतो, सुटीच्या दिवशी ८०० मीटरवरच्या लोखंडी ताटावर नेमबाजी करतो. रायफल ६.५ क्रीडमूर या काडतुसाची. गोळी झाडली की नळीचं तोंड वर आणि थोडं उजवीकडे उसळायचं, स्कोपमधलं ताट खालच्या डाव्या कोपऱ्यातून निसटायचं. गोळीला तिथं पोचायला सव्वा सेकंदाच्या आसपास लागतो. तेवढ्यात नजर ताटावर परत आली नाही तर ती कुठं पडली ते कळत नाही, आणि पुढची गोळी अंदाजपंचे.

नळीच्या तोंडावर मझल ब्रेक आहे, म्हणजे गोळीमागचा गॅस वळवणारा तुकडा. त्याला दोन्ही बाजूंना मोठ्या खाचा आहेत, वर तीन बारीक भोकं. खाचांतून गॅस आडवा आणि मागे वळतो, त्यानं खांद्यावरचा धक्का घटतो. वरून निघणारा गॅस तोंड खाली दाबतो. घड्याळाच्या भाषेत भोकं अगदी बाराच्या काट्यावर, म्हणजे सरळ वर होती. रायफल रिकामी केली, बोल्ट बाहेर काढला, ब्रेक जागी धरणारा लॉकनट सैल केला आणि ब्रेक बारा आणि एकच्या मधे येईल इतकाच फिरवला. पेन्सिलीची रेघ. पाच गोळ्या. पुन्हा रेघ. तिसऱ्या रविवारी ताट स्कोपमध्येच राहिलं आणि चुकलेल्या गोळीची धूळ मला स्वतःला दिसली! दुकानातून आला तसा ब्रेक आवळून सोडून देऊ नका, प्रत्येकाच्या खांद्याला तो वेगळा लागतो.

करवीरची_नेमबाज
दादा, तोंड उजवीकडे का जातंय ते आधी बघा. पालथे झोपता तेव्हा अंग रायफलीच्या रेषेत असतं, की पाय डावीकडे टाकून तिरके पडता? तिरकं असलं की धक्क्याबरोबर उजवा खांदा मागे ढकलला जातो आणि तोंड उजवीकडे वळतं. तुम्ही दुखणं तसंच ठेवून वर पट्टी बांधलीत.

आमच्या ५० मीटर रायफलला आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमानं कम्पेन्सेटर (तोंडाची उसळी दाबणारा तुकडा) आणि मझल ब्रेक दोन्ही बंद. तेजस्विनीताई सावंत २०१० ला म्युनिकमध्ये प्रोनच्या, म्हणजे पालथं झोपून मारायच्या प्रकारात जगज्जेत्या झाल्या, आमच्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसळेनं २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये थ्री पोझिशनला (गुडघ्यावर, पालथं आणि उभ्यानं) ४५१.४ गुणांवर कांस्य आणलं. दोघांनीही ब्रेकशिवाय. गोळी गेल्यावर रायफल कुठं जाऊन थांबते, हाच आमचा आरसा. तो झाकून टाकला तर चूक सापडणार कशी?

डेन्व्हरकर
ताई, दोघांबद्दल आदर आहेच, पण तुमच्या ५० मीटरच्या .२२ या छोट्या काडतुसाशी तुलना बरोबर नाही. तुमची गोळी अडीच ग्रॅमची, पावडर ग्रॅमचा जेमतेम दहावा हिस्सा. तिथं ब्रेकला वळवायला गॅसच नाही. माझी गोळी ९ ग्रॅम आणि पावडर २.७ ग्रॅमच्या आसपास. गॅस गोळीपेक्षा जास्त वेगानं बाहेर पडतो, त्यामुळे माझ्या हिशोबानं धक्क्यातला तीसेक टक्के वाटा त्याचाच. तो वाटा वळवता येत असेल तर का सोडू? आणि ही नवी खटपट नाही. १९५९ साली आलेल्या एकेएमच्या (एके-४७ ची सुधारलेली रायफल) नळीवर तिरका कापलेला कम्पेन्सेटर आहे, तोही वर-उजवीकडची उसळी मारण्यासाठीच. सैनिकाला काय बैठक येत नव्हती?

करवीरची_नेमबाज
उभ्यानं, धावताना, एकामागून एक गोळ्या सोडणाऱ्याचं उदाहरण पालथं झोपून निवांत एकेक गोळी झाडणाऱ्याला कसं लागू करता?

कान_सांभाळा
तुम्ही दोघंही फक्त मागच्या माणसाचं बघताय. मी शेजारच्या लेनमध्ये झोपतो. ब्रेकमधून वळलेला गॅस माझ्याकडे येतो, छातीत धप्प बसतो, समोरची माती डोळ्यांत उडते. बंदुकीच्या आवाजाचं टोक १४० डेसिबलवर गेलं की कानाला धोका. अशा रायफली ब्रेक नसतानाही १६० च्या घरात असतात, ब्रेक लावला की मारणाऱ्याच्या कानाशी त्यात आणखी भर. वर पत्रा असेल तर आवाज परतून येतो. माझा उजवा कान गेली दोन वर्षं रात्री वाजतो. मी आता आत बोळे घालून वर कान झाकणारे मफ लावतो. तुमच्याकडे सप्रेसर (नळीवरचा आवाज दाबणारा डबा) रीतसर नोंदवून मिळतो, तोही धक्का कमी करतो. मग हा भडिमार कशाला?

डेन्व्हरकर
कानाचं मान्य, मीही दोन्ही लावतो. शेजाऱ्याला विचारायचं मात्र सुचलं नव्हतं, ते चुकलंच. सप्रेसरनं नळी लांब आणि पुढून जड होते, म्हणून टाळतोय.

ताई, आज तुमचं ऐकलं. ब्रेक पूर्ण काढला, पाय सरळ मागे घेतले, दहा गोळ्या झाडल्या. वरची उसळी होती तेवढीच. उजवीकडची जवळजवळ गेली.

करवीरची_नेमबाज
मग आता भोकं परत बाराला आणा. आणि ब्रेक काढघाल केलीत की झीरो (स्कोप जिथं रोखला तिथंच गोळी लागते का) पुन्हा तपासा, ते विसरू नका.