डच शिडाच्या जहाजाचं एचिंग: अस्सल कसं ओळखायचं?

सांगलीचा_नाना
सध्या लेकीकडे ॲमस्टलव्हेनला आलोय. शनिवारी ॲमस्टरडॅममध्ये वॉटरलोप्लाइनच्या जुन्या बाजारात २० युरोला पोस्टकार्डाहून जरा मोठं चित्र घेतलं. खवळलेलं पाणी, पुढे एक शिडाची बोट, मागे पुसट दोन-तीन डोलकाठ्या. कोपऱ्यात बारीक अक्षरात 'झेमान'. जावई म्हणतो, "नाना, छापील आहे, २० युरो पाण्यात गेले." अस्सल की नक्कल, हे घरच्या घरी कसं ओळखायचं? आणि बोटीच्या कुशीला हत्तीच्या कानासारखी फळी लटकलीय, ती कशाला?

तांब्याची_प्लेट
नाना, छापील तर आहेच! एचिंग म्हणजे तांब्याच्या प्लेटवर ॲसिडने रेघा कोरून कागदावर काढलेला छापच. प्रश्न एवढाच, की तो कुठल्या प्लेटवरून आणि केव्हा काढलाय.

झेमान म्हणजे दर्यावर्दी. खरं नाव रेनिअर नोम्स, जन्म १६२३च्या आसपास, मृत्यू १६६४. त्याने जहाजांच्या प्रकारांची मालिकाच कोरली. दोनशे वर्षांनी पॅरिसच्या मेरियों नावाच्या एचिंगकाराने त्याला गुरू मानून त्याच्या प्लेटा नकलून काढल्या, एवढा तो पक्का.

आधी भिंग घ्या. रेघांऐवजी ठिपक्यांची जाळी दिसली तर पुस्तकातलं पान समजा. मग कागद खिडकीशी धरा. जवळजवळ बारीक रेघा आणि त्यांना आडव्या, साधारण अडीच सेंटीमीटरवर ठळक रेघा दिसल्या तर तो साच्यावरचा जुन्या पद्धतीचा कागद. चित्राभोवती प्लेटच्या कडेची दाबलेली चौकट असते, पण तिच्यावर भुलू नका. फोटोग्राव्हूरच्या, म्हणजे फोटोवरून प्लेट बनवून काढलेल्या नकलांनाही ती येते.

आता माझा आवडता भाग. जहाज सोडा, आभाळ बघा. प्लेट ॲसिडमध्ये थोडा वेळ ठेवायची, बाहेर काढून दूरच्या रेघांवर वॉर्निश लावायचं, म्हणजे तिथे ॲसिड पोचत नाही, मग पुन्हा बुडवायची. म्हणून लांबची जहाजं केसासारखी आणि जवळची काळीभोर. आभाळाच्या रेघा सर्वांत उथळ, त्यामुळे प्लेट झिजली की आधी त्याच जातात. प्लेटा एका प्रकाशकाकडून दुसऱ्याकडे विकल्या जायच्या आणि छाप निघतच राहायचे. तुमच्याकडचे ढग तुटक असतील तर छाप उशिराचा. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमच्या साइटवर झेमानचे छाप फुकट बघता येतात. शेजारी ठेवून ताडून बघा.

(लुडॉल्फ बाकहाउझेन या दुसऱ्या डच समुद्रचित्रकाराने सत्तरीत, १७०१ साली, समुद्राच्या एचिंगची मालिका काढली. मी पन्नाशीतच पाठीला घाबरून प्रेस झाकून ठेवलाय.)

वेंगुर्लेकर_खलाशी
फळीचं मी सांगतो. आमचे आजे मचव्यावर होते. आपल्या गलबताला खाली पठाण, म्हणजे तळाचा कणा असतो, म्हणून ते वाऱ्याने आडवं सरकत नाही. तिकडचा समुद्र उथळ, ओहोटीला बोट चिखलात सरळ बसायला हवी, म्हणून तळ सपाट. मग वाऱ्याच्या उलट बाजूची फळी पाण्यात सोडायची. डच लोक तिला 'झ्वार्ड' म्हणतात, म्हणजे तलवार. आमच्याकडे १६३७मध्ये आलेल्या डचांच्या वखारीच्या भिंती अजून उभ्या आहेत. पण ही सपाट बोट इकडे कोण आणणार, खुल्या समुद्रात तिची धडगत नव्हती.

सांगलीचा_नाना
खिडकीशी धरलं. रेघा आहेत! ठिपके नाहीत. पण आभाळात उजवीकडे ढग अर्धाच आहे, राइक्सवाल्यात पूर्ण. म्हणजे उशिराचा छाप. जावयाला मात्र एवढंच सांगितलं, "कागद जुना आहे." आज फ्रेमवाल्याकडे निघालोय.

तांब्याची_प्लेट
थांबा! त्याला सांगा, कडा कापायच्या नाहीत, चिकटपट्टी लावायची नाही, आणि प्लेटची चौकट माउंटाखाली, म्हणजे फ्रेममधल्या पुठ्ठ्याखाली, झाकायची नाही. अर्धा ढगही दिसू दे.